अल्सर असताना कॅल्शियमच्या गोळीने पोटातलं ॲसिड वाढतं का?

हो, वाढू शकतं. कॅल्शियम कार्बोनेटची गोळी चघळली की आधी ॲसिड शमतं, जळजळ थांबते. पण तेच कॅल्शियम जठराच्या जी-पेशींना चेतवतं, गॅस्ट्रिन नावाचं संप्रेरक सुटतं आणि ॲसिड बनवणाऱ्या पेशी पुन्हा कामाला लागतात. गोळीचा असर ओसरल्यावर काहींची जळजळ परतते, त्यामागे हेही एक कारण. दुधाचंही तसंच: पिताना बरं वाटतं, पण त्यातली प्रथिनं आणि कॅल्शियम ॲसिड वाढवतात.

त्यामुळे अशा गोळ्यांवर दिवस काढू नका, हे कळकळीने सांगतो. अल्सर करणाऱ्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूची तपासणी करून घ्या. हाडांसाठी कॅल्शियम हवंच असेल आणि ॲसिड कमी करणारं ओमेप्रॅझोल हे औषध चालू असेल, तर डॉक्टरांना कॅल्शियम सायट्रेटबद्दल विचारा. कार्बोनेट नीट शोषलं जायला ॲसिड लागतं, सायट्रेटचं तसं नाही.