चढावर बंद पडलेली गाडी आणि पुढची टेस्ट

"ड्रायव्हिंग टेस्टमध्ये चढावर गाडी दोनदा बंद पडली. मग हात इतके थरथरायला लागले की रिव्हर्समध्ये खांबाला धक्का लागला आणि नापास झाले. घरचे म्हणतात, आता कशाला हट्ट? तीन आठवड्यांनी पुन्हा टेस्ट आहे, पण गाडीत बसायचीच भीती वाटते."

ताई,

हट्ट अजिबात सोडू नका. तुमच्या पत्रात मूळ चूक एकच दिसते, चढावरचा क्लच. खांबाचं प्रकरण त्या घाबरगुंडीतून पुढे घडलं.

हँडब्रेक सोडला की गाडी मागे जाईल या धास्तीने डावा पाय झटकन उचलला जातो. इंजिनवर एकदम भार पडतो, रेस पुरेशी नसते, गाडी आचका देऊन बंद पडते. म्हणून पहिला आठवडा चढावर जाऊच नका. सपाट, मोकळ्या जागेत पहिला गिअर टाका, ॲक्सिलरेटरला पाय न लावता क्लच इतका सावकाश सोडा की गाडी आपोआप सरकू लागेल. सरकली की क्लच पुन्हा दाबून ब्रेक. असं रोज वीस वेळा. हाफ क्लच, म्हणजे अर्धवट सोडल्यावर गाडी सरकू लागते ती जागा, नेमका कुठे लागतो हे पायाला कळलं पाहिजे, डोक्याला कळून भागत नाही.

मग सौम्य चढ घ्या. हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर, थोडी रेस. इंजिनचा आवाज जड होईपर्यंत आणि गाडीचं नाक किंचित उचलेपर्यंत क्लच सोडा आणि दोन्ही पाय तिथेच थांबवा. आता हँडब्रेक सोडा. गाडी मागे गेली तर क्लच अजून पुरेसा सोडलेला नव्हता. पुढे सरकली तरी क्लच लगेच सोडू नका, एक-दोन गाड्यांच्या लांबीएवढं अंतर जाईपर्यंत तो हळूहळू सोडायचा. बहुतेकांची गाडी इथेच बंद पडते.

रिव्हर्समध्ये स्टिअरिंग ज्या बाजूला वळवाल, त्या बाजूला गाडीची मागची बाजू जाते आणि नाक उलट दिशेला बाहेर येतं. सगळं लक्ष मागे असलं की पुढचा कोपरा घासतो. चालण्याहूनही कमी वेग, मान वळवून मागच्या काचेतून नजर, आणि मधूनमधून पुढच्या कोपऱ्यांकडे पाहणं. अंदाज चुकला तर थांबा. थांबून पाहण्यात कमीपणा नाही.

रोज अर्धा तास पुरे. रविवारी सलग तीन तास चालवलंत तर पाय दमतो आणि चुकाच पक्क्या होतात. जमलं तर टेस्टच्याच गाडीवर सराव करा, कारण प्रत्येक गाडीचा क्लच वेगळ्या उंचीवर लागतो. सरावाला चप्पल नको, बूट घाला, टेस्टलाही तेच.

आणि सरावात मुद्दाम गाडी बंद पाडा. ब्रेक, हँडब्रेक, क्लच दाबून न्यूट्रल, स्टार्ट, पुन्हा पहिला गिअर, आरसे पाहून निघा. हा क्रम हाताला बसला की टेस्टमध्ये गाडी बंद पडलीच, तरी पुढचा रिव्हर्स बिघडणार नाही.