अमेरिकेतलं सर्किट अपील न्यायालय नेमकं काय करतं? खटला पुन्हा चालतो का?

नाही. नवे साक्षीदार नाहीत, ज्युरीही नाही. खालच्या न्यायालयाने कायदा नीट लावला का, हे तिथल्याच कागदपत्रांवरून तपासतात.

१८९१ च्या कायद्याने ही न्यायालयं आली. आज १३ आहेत, पैकी १२ प्रादेशिक, म्हणजे देशाच्या एकेका विभागासाठी; त्या विभागालाच सर्किट म्हणतात. आकारात मात्र कमालीची तफावत: बोस्टनच्या पहिल्या सर्किटमध्ये न्यायाधीशांची पदं ६, सॅन फ्रान्सिस्कोच्या नवव्यात २९!

अपील सहसा तिघांच्या खंडपीठापुढे जातं. तोंडी युक्तिवादाला वकिलाला मोजकी मिनिटं, तीही मिळाली तर. बरीच अपिलं लेखी युक्तिवादावरच निकाली निघतात. सर्वोच्च न्यायालय फार थोडी प्रकरणं दाखल करून घेतं. त्यामुळे बहुतेकांसाठी या तिघांचाच निकाल अंतिम ठरतो, आणि त्या सर्किटमधल्या जिल्हा न्यायालयांना प्रकाशित निकाल बंधनकारक असतो.