व्हिमआरसीत एकच ओळ टाकली, रंग गेले आणि यामल फाइलही चालेना

भाऊ, तुमचा प्रश्न नीट वाचला. यावलकडे तुमच्या कांदेबागेच्या, म्हणजे केळीच्या, ठिबकचे व्हॉल्व्ह रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालतात, वेळा यामल फाइलमध्ये (सेटिंग लिहायची साध्या मजकुराची फाइल) आहेत आणि ती फाइल तुम्ही घरून एसएसएचने, म्हणजे दुरून त्या संगणकात शिरून, व्हिम या एडिटरमध्ये उघडता. ओळींचे नंबर दिसावेत म्हणून होम फोल्डरमध्ये डॉट व्हिमआरसी (व्हिम सुरू होताना वाचतो ती सेटिंगची फाइल) तयार केली, त्यात फक्त ‘सेट नंबर’ लिहिलं. नंबर आले, पण मजकुराचे वेगवेगळे रंग गेले. दुसऱ्या दिवशी एका व्हॉल्व्हची वेळ बदलून सेव्ह केली तर व्हॉल्व्ह चालवणारा प्रोग्राम फाइलच घेईना. (मोबाइलवरून लिहितोय, म्हणून आज्ञा बोलतो तशाच देवनागरीत देतोय. तुम्ही त्या इंग्रजी अक्षरांत टाका.)

‘सेट नंबर’चा यात काही दोष नाही. व्हिमआरसी अगदी रिकामी ठेवली असती तरी हेच झालं असतं.

२०१६ साली आलेल्या व्हिम ८ पासून व्हिमसोबत डिफॉल्ट्स डॉट व्हिम नावाची एक फाइल येते. रंग चालू करणं, फाइलचा प्रकार ओळखणं, शोधताना टाइप करता करता शब्दावर जाणं, ही कामं तीच करते. पण तुमची स्वतःची व्हिमआरसी सापडली नाही, तरच व्हिम ती वाचतो. सापडली की तो धरून चालतो की या माणसाला काय हवं ते त्याचं त्याने ठरवलंय, आणि ती फाइल सोडून देतो. रंग असे गेले. त्यांच्यासोबत फाइलचा प्रकार ओळखणंही गेलं, ते मात्र तुमच्या लक्षात आलं नाही. यामल फाइल आहे हे ओळखल्यावर व्हिम टॅबच्या जागी स्पेस टाकतो. ओळखच बंद झाल्यावर तुम्ही दाबलेला टॅब खराखुरा टॅब म्हणून फाइलमध्ये बसला. यामलमध्ये ओळ आत घ्यायला टॅब चालत नाही, स्पेसच लागते. म्हणून प्रोग्राम अडला.

आता दुरुस्ती. व्हिमआरसीच्या अगदी पहिल्या ओळीत ‘सोर्स’ लिहा, एक स्पेस, मग डॉलरचं चिन्ह, त्याला चिकटून कॅपिटलमध्ये व्हिमरनटाइम, स्लॅश, आणि डिफॉल्ट्स डॉट व्हिम. ‘सेट नंबर’ त्याच्या खाली. क्रम महत्त्वाचा आहे, कारण नंतरची ओळ आधीच्या ओळीवर मात करते.

बिघडलेली यामल पुन्हा उघडा आणि कोलन देऊन ‘सेट लिस्ट’ म्हणा. प्रत्येक ओळीच्या शेवटी डॉलर दिसेल. जिथे टॅब घुसलाय तिथे टोपीसारखं चिन्ह आणि त्यापुढे कॅपिटल आय दिसेल. माझा अंदाज, तुम्ही ज्या व्हॉल्व्हची वेळ बदलली तिथेच ते सापडेल. मग ‘सेट टॅबस्टॉप’, बरोबरचं चिन्ह आणि २ (एक टॅब किती रकान्यांचा), ‘सेट एक्स्पांडटॅब’ (टॅबऐवजी स्पेस) आणि शेवटी ‘रीटॅब’ (आधीचे टॅब बदलायला). टॅबस्टॉप विसरू नका, नाहीतर टॅब आठ रकान्यांच्या हिशेबाने उलगडेल आणि ओळ भलत्याच व्हॉल्व्हखाली जाईल. सेव्ह करण्याआधी डोळ्यांनी खात्री करा की सुरू आणि बंद या दोन्ही वेळा एकाखाली एक आहेत. ‘सेट नोलिस्ट’ केलं की ती चिन्हं जातात.

आता त्याहून महत्त्वाचं. कुठलीही सेटिंग मनासारखी वागत नसली की आधी तिलाच विचारा: ‘व्हर्बोज सेट एक्स्पांडटॅब’ आणि पुढे प्रश्नचिन्ह. व्हिम किंमत सांगतो आणि ती शेवटी कुठल्या फाइलने ठरवली तेही सांगतो. उद्या तुम्ही व्हिमआरसीत शिफ्टविड्थ (ओळ किती स्पेस आत घ्यायची) ४ लिहिलं आणि यामलमध्ये २ च राहिलं, तर या आज्ञेने कळेल की यामलच्या एफटीप्लगिनने, म्हणजे त्या फाइल प्रकारासाठी व्हिमसोबत आलेल्या नियमांच्या फाइलने, ते बदललंय. तिथे फाइल प्रकारानुसार वेगळा नियम लिहावा लागतो, व्हिमआरसीत कितीही डोकं आपटलं तरी उपयोग नाही.

खाली प्रतिसादांत एका भावाने त्याची चारशे ओळींची व्हिमआरसी दिलीय, ‘आहे तशी टाक’ म्हणून. मी कळकळीने सांगतो, टाकू नका. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका जिनिंगचा काटा आणि हिशेब यांची जुळणी सांभाळायचो. तिथे अशीच कुणाचीतरी व्हिमआरसी उचलून घातली होती. तिच्यात सेव्ह करताना ओळीच्या शेवटच्या स्पेस उडवणारी एक आज्ञा होती, मला तिचा पत्ताच नव्हता. काट्याची फाइल ठराविक रुंदीच्या रकान्यांची, शेवटच्या रिकाम्या जागाही मोजणारी. एक आकडा दुरुस्त करून सेव्ह केलं आणि सगळी फाइल हिशेबाच्या सॉफ्टवेअरने नाकारली. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग आणि मी रात्री दोनपर्यंत एकेका ओळीत स्पेस भरत बसलो. तेव्हापासून माझ्या व्हिमआरसीत प्रत्येक ओळीच्या वर, डबल कोट देऊन, ती का आहे हे मराठीत लिहिलेलं असतं. टर्मिनलमध्ये जोडाक्षरं फुटलेली दिसतील, पण फाइल युटीएफ-८ (मराठी अक्षरं साठवणारी पद्धत) मध्ये असेल तर फाइलमध्ये ती शाबूत असतात. कारण लिहिता येत नसेल, तर ती ओळ मी ठेवत नाही.

स्वॅप फाइल (सेव्ह न केलेले बदल व्हिम जिथे जपून ठेवतो ती) बंद करण्याचा सल्लाही इथे कुणीतरी दिलाय, मेमरी कार्ड झिजतं म्हणून. वावरातली लाइट कधी जाईल याचा भरवसा नसताना ते करू नका. दोनशे अक्षरं टाइप झाली किंवा चार सेकंद हात थांबला की व्हिम स्वॅपमध्ये लिहून ठेवतो. लाइट आल्यावर फाइल उघडताना इशारा दिसला तर घाबरू नका. दुसऱ्या खिडकीत तीच फाइल उघडी नाही ना, तेवढं बघा, मग आर दाबून रिकव्हर करा. ती वेगळ्या नावाने सेव्ह करा, मूळ फाइलशी ताडून बघा आणि जुनी स्वॅप स्वतः काढून टाका. ती राहिली तर दर वेळी तोच इशारा येत राहील.

आज रात्रीची पाण्याची पाळी सुरू व्हायच्या आत पहिल्या दोन गोष्टी, व्हिमआरसीची पहिली ओळ आणि यामलची दुरुस्ती, करून घ्या. तरीही फाइल घेतली नाही तर ‘सेट लिस्ट’ लावलेल्या स्क्रीनचा फोटो इथे टाका, मी बघतो.