सृष्टिसौंदर्य, निसर्गसौंदर्य आणि गोकाकची 'प्रकृती'

खानापूरच्या एका वाचकांचा प्रश्न आहे. घरातल्या जुन्या वर्तमानपत्री कात्रणांत बेळगाव जिल्ह्यातल्या गोकाकच्या धबधब्याच्या वर्णनात 'सृष्टिसौंदर्य' हा शब्द दिसतो, हल्लीच्या एका माहितीपत्रकात त्याच जागी 'प्रकृती सौंदर्य' छापलंय आणि मुलगी निबंधात 'निसर्गसौंदर्य' लिहिते. बरोबर कुठलं?

पहिलं आणि तिसरं. मधलं सरळ कन्नडातून आलंय. तिकडे प्रकृती म्हणजे डोंगर, नदी, रान. आपण प्रकृती विचारतो ती माणसाची. 'गोकाकची प्रकृती पाहायला या' म्हटलं तर मराठी माणूस मोसंबी घेऊन निघेल.

गंमत अशी, की सहलीशी आपल्या 'प्रकृती'चा संबंध जुनाच आहे. महाबळेश्वर इंग्रजांनी वसवलं ते आजारी सोल्जरांना बरं वाटावं म्हणून. त्यामुळे थंड हवेच्या ठिकाणाची शिफारस व्हायची ती हवापाण्याची. हवापालट करावी, पाणी मानवतं, भूक लागते, वगैरे. बेळगावही 2500 फुटांवर असल्यानं 'गरिबांचं महाबळेश्वर' ठरलं. इथे देखावा दुय्यम.

1887 मध्ये बेळगावला रेल्वे आली आणि गोकाक रोड स्टेशनामुळे धबधबा मुंबई-पुण्याच्या टप्प्यात आला. आता धडधाकट माणसालाही तिकीट काढायला लावायचं, तर हवा पुरेना. डोळ्यांना काहीतरी हवं. मग रमणीय, मनोहर, नयनरम्य अशी विशेषणांची रांग आणि जोडीला 170 फुटांचा आकडा. या विशेषणांना ऋतू नसतो, हा माझा जुना राग. आषाढात तिथे घटप्रभा नदी विटेच्या रंगाची होऊन कोसळते. वैशाखात जाल तर बराचसा कातळच बघून याल, आणि करदंट ही तिथली मिठाई घेऊन परत.

या मजकुराला 'सृष्टी' हा शब्द आयता मिळाला. 'निसर्ग' तेव्हा मुख्यतः 'स्वभाव' या अर्थानं चाले. 'निसर्गतः' मध्ये तो अर्थ अजून शाबूत आहे. पुण्याच्या विज्ञान मासिकानं 1928 सालीही 'सृष्टिज्ञान' हेच नाव घेतलं. पुढे कवितेनं, समीक्षेनं आणि शाळेच्या पुस्तकांनी 'निसर्ग' डोंगरदऱ्यांना चिकटवला, बालकवी 'निसर्गकवी' झाले आणि 'सृष्टी' जीवसृष्टी, चित्रपटसृष्टी अशा समासांत जाऊन बसली. म्हणून कात्रणावर तारीख नसेल आणि 'सृष्टिशोभा' वगैरे दिसलं, तर ते जुनं असावं असा अंदाज बांधायला हरकत नाही. अंदाजच हं, कारण जुन्या वळणाचे लेखक हे शब्द पुढेही वापरत राहिले.

शुद्धलेखनाचं राहिलं. सुटा शब्द 'सृष्टी', दीर्घ. समासात 'सृष्टिसौंदर्य', ऱ्हस्व आणि जोडून. त्याच नियमानं 'प्रकृतिस्वास्थ्य', 'प्रकृतिमान'. म्हणजे माहितीपत्रकवाल्यांनी शब्द चुकीचा उचललाच, वर तो तोडून दीर्घही छापला.