लग्नापर्यंत डिप्रेशनच्या गोळ्या बंद ठेवल्या तर वजन उतरेल का?

तुमचा प्रश्न असा: बहिणीला ७ महिन्यांपासून डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत, वजन ८ किलोने वाढलंय, ४ महिन्यांवर लग्न आलंय, तोवर गोळ्या बंद ठेवल्या तर चालेल का, आणि सगळ्याच गोळ्यांनी वजन वाढतं का.

नाही चालणार. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढे मी माझीच कहाणी लावणार आहे आणि तुम्ही मधेच सोडून जाल.

मी साताऱ्यात ब्लाऊज शिवते. २२ वर्षं झाली. माझ्याकडे मापवही आहे, दर गिऱ्हाइकाचं एक पान: छाती, कंबर, शोल्डर, मुंढा, दंडघेर, बाही, पुढचा गळा, मागचा गळा. तारखेसकट. कुणी बाळंत झाली, कुणाला शुगर निघाली, कुणाचं घरात बिनसलंय, मला आधी टेप सांगतो, बाई मागाहून सांगते. त्या वहीत एक पान माझंही आहे. स्वतःचं माप स्वतःला घेता येत नाही, म्हणून टेप माझी लेक धरते.

२०१६ च्या जानेवारीपासून मला अन्न नको झालं. कारण विचारू नका, सगळ्यांनी विचारून झालंय, कारण नव्हतं. भाकरीचा तुकडा तोंडात नुसता फिरत राहायचा. पहाटे ३ ला जाग यायची ती यायचीच. ५८ किलोची मी मे महिन्यापर्यंत ४९ वर आले. छाती ३६ ची ३३ झाली. आणि त्याच मे महिन्यात थोरल्या जाऊबाईंच्या मुलाचं लग्न.

घरातलं कार्य, त्यातून मी शिवणारी, पण नवा ब्लाऊज शिवायची ताकद नव्हती. जुन्यालाच दोन्ही बाजूंनी आतून टीप मारून घेतली. कार्यालयात पाऊल टाकलं आणि जी ती तेच, "अगं बाई, कसली बारीक झालीस! काय करतीस? आम्हाला पण सांग की." अक्कांनी (थोरल्या जाऊबाईंना मी अक्का म्हणते) तर चारचौघींत मला पुढे करून म्हटलं, "बघा, हिच्याकडनं शिका जरा." त्या दिवशी सकाळी मी न्हाणीघरात पाऊण तास नुसती बसून होते. बादली भरून वाहत होती आणि तांब्या उचलायचं सुचत नव्हतं. माझ्या दिसण्याचं इतकं कौतुक ना आधी कधी झालं, ना नंतर.

जूनमध्ये ह्यांनी डॉक्टरांकडे नेलं. रात्री झोपताना एक गोळी, मिरटाझापिन, १५ मिलिग्रॅम. पहिल्याच रात्री ९ तास झोपले. दहा-बारा दिवसांत भूक आली, आणि आली ती वखवख होऊन. जेवण झाल्यावर भांडी घासतानाच पुन्हा जेवावंसं वाटायचं. रात्री २ ला उठून मी अंधारात फडताळापाशी जायची. स्टीलच्या डब्याचं झाकण वाजू नये म्हणून त्यावर पदर धरून उघडायची आणि उभ्याउभ्या शेंगदाण्याचे लाडू खायची. तीन, कधी चार. मग पाणी पिऊन शांत झोप. सकाळी डबा हलका लागला की ह्यांना वाटायचं पोरगी खाते.

लेक आता बी. फार्म करतेय, तिने मागाहून मला हे उलगडून सांगितलं. सर्दीच्या जुन्या गोळ्यांनी झोप येते ना, त्या शरीरातल्या हिस्टामिनचं काम अडवतात म्हणून. मिरटाझापिनही तेच करतं, शिवाय सेरोटोनिनची जी खूण मेंदूला 'पुरे' म्हणून सांगते, तिच्यावरही हात ठेवतं. पोरं जेवत नाहीत म्हणून आपण भुकेचं सिरप आणतो, त्यातल्या सायप्रोहेप्टाडिनची तऱ्हाही साधारण हीच. माझा हावरटपणा नव्हता तो. हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर निदान पदर धरून खाल्लं नसतं.

जानेवारी २०१७, संक्रांतीचं हळदीकुंकू, अक्कांच्या घरी. मी ६४ किलो, छाती ३८. तिळगूळ हातावर ठेवता ठेवता अक्का सगळ्यांदेखत म्हणाल्या, "काय गं, केवढी फुगलीयस! त्या गोळ्याच खाऊन झालंय हे. पंधरा किलो! सोड त्या, सवय लागंल." बायका हसल्या. मीही हसले. घरी येऊन गोळ्यांची पाकिटं कचऱ्यात टाकली. ह्यांना सांगितलं नाही.

पहिला आठवडा झोप उडाली, मळमळ, छातीत धडधड. मग दोन-तीन आठवडे बरे गेले. त्या दिवसांत मला अक्का देवमाणूस वाटत होत्या. आणि मार्चमध्ये एका नवरीचा पैठणीचा ब्लाऊजपीस टेबलावर पसरला, खडूने रेघा मारल्या, कात्री हातात घेतली आणि कापवेना. कुठून सुरुवात करायची तेच कळेना. हजारो ब्लाऊज कापलेली बाई मी. कापड ११ दिवस तसंच पडून होतं. लेक येता-जाता त्यावर झाकायला चादर टाकायची, मी ती काढायची, बघायची, पुन्हा टाकायची. रेघा पुसट होत गेल्या. बाराव्या दिवशी नवरीची आई येऊन पीस परत घेऊन गेली, एक शब्द न बोलता. बोलली असती तर बरं झालं असतं.

पुन्हा डॉक्टर. मी आत गेल्या गेल्या भांडलेच, वजन वाढेल हे आधी का नाही सांगितलंत म्हणून. ते म्हणाले, "तुम्ही ४९ किलोच्या होतात, झोप नव्हती, जेवण नव्हतं. झोप आणि भूक यावी म्हणूनच ती गोळी निवडली होती. पण सांगायला हवं होतं, ते चुकलं." मग सर्ट्रालिन ५० सुरू केली. पहिले दहा दिवस पोट बिघडलं, मळमळलं, मग बसलं. वर्षभरात ६१ वर आले, तिथेच आहे. माप ३७. गोळी अजून घेते, फ्रिजवर उघडी ठेवलेली असते.

आता हिशोब करा. अक्कांचं गणित ४९ ते ६४, पंधरा किलो, सगळे गोळ्यांचे. माझ्या वहीचं गणित ५८ ते ६४, सहा किलो. मधले नऊ आजाराने नेले होते, ते परत आले. ज्या अंगाचं कार्यालयात कौतुक झालं ते माझं अंगच नव्हतं, आजाराचं होतं. अक्का हे आजतागायत मानत नाहीत. म्हणून तुम्हालाच विचारते, बहिणीचे ८ किलो तुम्ही कुठून मोजलेत? आजारात उतरली होती तिथून, की त्याच्या आधीपासून? स्थळासाठी काढलेला फोटो कोणत्या महिन्यातला आहे?

सगळ्याच गोळ्यांनी वाढतं का, याचं उत्तर राहिलं. नाही. मिरटाझापिन, पॅरॉक्सेटिन, आणि अमिट्रिप्टिलिन (ही डोकेदुखीलाही देतात, त्यामुळे कित्येकींना पत्ताच नसतो) या वजन वाढवण्यात पुढे. फ्लुओक्सेटिनने सुरुवातीला भूक उलट मंदावते, पुढे बहुतेक जण मूळपदावर येतात. सर्ट्रालिन आणि एस्सिटालोप्रॅम आधी मळमळ देतात, मग महिनोन् महिने घेतल्यावर थोडं थोडं वजन चढू शकतं. ब्युप्रोपिऑनने सहसा वाढत नाही, थोडं उतरूही शकतं, पण फिट येणाऱ्यांना आणि खाऊन मुद्दाम ओकारी काढणाऱ्यांना ती चालत नाही. तेव्हा दुकानात जाऊन नाव सांगून मागू नका.

लेकीने दोन अभ्यास दाखवले. २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या सुमारे ३ लाख लोकांच्या नोंदींवरून निघालं की या गोळ्या घेणाऱ्यांत वजन वाढण्याचा धोका दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी सगळ्यात जास्त असतो, आणि त्या यादीत माझी मिरटाझापिन सगळ्यात वर. २०२४ मध्ये अमेरिकेत १ लाख ८३ हजार लोकांच्या नोंदींवर ८ गोळ्यांची तुलना झाली. सर्ट्रालिनवाल्यांचं वजन ६ महिन्यांत सरासरी पाव किलोच्या आसपास वाढलं होतं. एस्सिटालोप्रॅम, पॅरॉक्सेटिन, ड्युलॉक्सेटिन यांचं त्याहून थोडं जास्त, ब्युप्रोपिऑनचं सगळ्यात कमी. पण सरासरी म्हणजे दुकानातला फ्री साइज. कुणाला लोंबतो, कुणाच्या दंडात अडकतो. तुमच्या बहिणीचे ८ किलो त्या पाव किलोत बसत नाहीत म्हणून ते खोटे ठरत नाहीत.

आणि एक मजा ऐका. डिप्रेशनवरच्या अगदी पहिल्या औषधांपैकी एक, इप्रोनियाझिड, मुळात टीबीचं होतं. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू हॉस्पिटलात टीबीच्या पेशंटना ते दिलं तर ते जेवायला लागले, हसायला लागले, वॉर्डात नाचायला लागले. तिथून डॉक्टरांच्या लक्षात आलं की हे मनालाही लागू पडतंय. पेशंट अंगाने भरला की ते खूश व्हायचे. तिथे अक्का नव्हत्या.

तुमच्या बहिणीचं वजन हे निमित्त आहे असं मला वाटतंय, चुकत असेन तर सोडून द्या. माझ्याकडे नवऱ्या येतात. 'लग्नापर्यंत बंद' याचा अर्थ पुष्कळदा सासरी बॅगेत पाकीट सापडू नये एवढाच असतो. म्हणजे नवं घर, नवी माणसं, रोजची झोपमोड, आणि त्याच महिन्यात गोळी बंद. माझं तर जुनंच घर होतं, तरी दीड-दोन महिन्यांत आडवी झाले. मुलाला आधी सांगा. सांगायची हिंमत होत नसेल तर हे लग्न कुणाशी चाललंय ते बघा.

४ महिने पुष्कळ आहेत. या आठवड्यात तिला डॉक्टरांकडे न्या आणि सरळ म्हणा, वजनाचा त्रास होतोय, दुसरं काही देता येईल का. गोळीचं नाव आणि डोस लिहून ठेवा. थायरॉइडची तपासणी झाली नसेल तर करा, तो मंदावला की माणूस उदासही होतो आणि जाडही, आणि शिव्या मात्र गोळीला बसतात. बदलायचंच ठरलं तर आत्ता बदला. लग्नाच्या आदल्या महिन्यात नको, नवी गोळी लागू पडायला काही आठवडे जातात. पॅरॉक्सेटिन किंवा व्हेनलाफॅक्सिन असेल तर अचानक तोडणं अजिबात नको, गरगरतं आणि डोक्यात करंट बसल्यासारखं होतं. रात्री भूक लागते का तिला नीट विचारा, लाजून सांगणार नाही. मी लाडवांचा डबा माळ्यावर टाकला आणि खाली फुटाणे नि काकडी ठेवली. थोडा फरक पडला, फार नाही.

ब्लाऊजचं म्हणाल तर ते काम माझं आहे. टेलरला मायेला (म्हणजे शिवणीच्या आत राखून ठेवलेलं जास्तीचं कापड) दोन्ही बाजूंनी दीड-दीड इंच सोडायला सांगा, अस्तरालाही, नाहीतर वरचं सुटेल आणि अस्तर फाटेल. शेवटचं फिटिंग लग्नाआधी ८ दिवस, त्याआधी नको. इतकी वाढघट आम्ही रोज झाकतो, फोटोत कुणाला दिसत नाही.

हे सगळं साध्या डिप्रेशनच्या गोळ्यांचं झालं. तिच्या चिठ्ठीवर ओलान्झापिन किंवा क्वेटियापिन असेल तर ती वेगळ्या जातीची औषधं, त्यांनी वजन आणि शुगर दोन्ही चढू शकतात, तिथे माझा अनुभव लावू नका, डॉक्टरांना रक्ततपासणीचं विचारा. पंचविशीच्या आतली असेल तर गोळी सुरू करताना किंवा बदलताना पहिले काही आठवडे तिच्यावर जास्त लक्ष ठेवा, त्या दिवसांत नको ते विचार वाढू शकतात. अडल्यावेळी १४४१६ हा सरकारी टेलि-मानसचा नंबर आहे, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत.

अक्का अजून माझ्याकडेच शिवतात. त्यांनी आयुष्यात डिप्रेशनची एक गोळी घेतलेली नाही. गिऱ्हाइकाचं माप बाहेर सांगायचं नाही हा धंद्याचा नियम, तेव्हा आकडा सांगत नाही. त्यांचा मोरपंखी ब्लाऊज मी आतापर्यंत दोनदा सोडवून दिलाय. परवा तिसऱ्यांदा घेऊन आल्या. उलटा करून दाखवला आणि म्हटलं, "अक्का, आता ह्यात माया उरली नाही."