क्रूझच्या छोट्या केबिनमध्ये बॅटरीवाली मोबिलिटी स्कूटर मावते का?

मावते. मोबिलिटी स्कूटर म्हणजे चालायला त्रास असलेल्यांनी बसून चालवायची बॅटरीची छोटी गाडी. पण कोणतीही स्कूटर नाही मावत अन् कोणालाही नाही जमत, म्हणून जरा लांब लिहून राहिलो, वाचून घ्या.

तुम्ही विचारलं की वडील ७१ वर्षांचे, गुडघे गेलेले, घरात भिंत धरून फिरतात पण बाहेर चालवत नाही, मुंबई-गोवा क्रूझचं बुकिंग करायचं आहे, दिव्यांगांसाठीची मोठी केबिन सगळी भरली अन् आता आतली बिनखिडकीची छोटीच भेटून राहिली, तर स्कूटर न्यायची की व्हीलचेअर, अन् ठेवायची कुठं. मी अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शीकडचा, खेड्यात मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे, धाकटा भाऊ पुण्याला नोकरीत, त्यानं मायसाठी बुकिंग केलं अन् सोबत जायचं माझ्या अंगावर आलं. केबिन तुमच्यासारखीच, आतली, छोटी. गावात सगळे म्हणत होते बुढीले काहून नेता समुद्रावर, पण ते सोडा.

पहिली गोष्ट स्कूटरची नाहीच, वडिलांची आहे. केबिनच्या दारापासून पलंगापर्यंत काहीतरी धरून चार पावलं त्यांना टाकता येतात का? अन् बाथरूमच्या दारात जो उंबरठा राहते, पाणी बाहेर येऊ नये म्हणून चांगला उंच केलेला, तो पाय उचलून ओलांडता येते का? येत असेल तर छोटी केबिन चालते, कारण आतमध्ये स्कूटर चालवायची नाहीच, फक्त ठेवायची आहे. येत नसेल तर माझं सरळ मत आहे, जाऊ नका, तारीख पुढं ढकला अन् दिव्यांगांची केबिन भेटेल तेव्हाच जा. त्या केबिनचं दार रुंद, बाथरूम सपाट, आत गाडी वळवायला जागा. साध्या केबिनमध्ये बाथरूम इतकं लहान की एक माणूस आत शिरला की दुसऱ्याला आधार द्यायलाही जागा उरत नाही. घरी भिंत धरून फिरतात म्हणता म्हणजे जमेल असं वाटते, पण घरीच एखाद्या पाटावर पाय चढवायला लावून पाहा एकदा.

आता स्कूटर. लोक केबिन किती चौरस फूट आहे ते विचारत बसतात, अन् अडते दाराशी. बऱ्याच जहाजांवर साध्या केबिनचं दार २२-२३ इंच, म्हणजे ५६ ते ५८ सेंटीमीटर, अन् दिव्यांगांच्या केबिनचं ३२ इंचांच्या आसपास. आपल्याकडं मुंबईहून २०२१ पासून कोर्डेलिया क्रूझ कंपनीचं एम्प्रेस फिरते, ते जहाज १९९० चं बांधलेलं आहे, अन् त्या काळात केबिन म्हणजे फक्त झोपायची जागा अशाच हिशोबानं करत. तर बुकिंग करणाऱ्याला दार किती रुंद आहे ते विचारा, अन् पल्ला पूर्ण उघडल्यावर मोकळी जागा किती उरते तेच विचारा, चौकटीचं माप नाही. फोनवर कोणी म्हणेल हो हो जाते साहेब, त्यावर जाऊ नका, ईमेलवर लेखी घ्या.

छोट्या प्रवासी स्कूटर १९ ते २२ इंच रुंद राहतात, म्हणजे कटाकटी जातात. दिव्यांगांच्या शिबिरात सरकारी कंपनीची भेटते ती अ‍ॅलिम्कोची बॅटरीवाली तीनचाकी अजिबात नाही, तिचा विचारच सोडा, अन् साइडची चाकं लावलेली अ‍ॅक्टिव्हा तर पेट्रोलची, तिला जहाजावर कोण घेते. तुमच्याकडं स्कूटर नसेल अन् आता घ्यायची असेल तर घडीची घ्या, तीन चाकांची. चार चाकांची उतारावर जास्त पक्की राहते हे खरं, पण तिला वळायला जागा जास्त लागते अन् जहाजाच्या गल्लीत तीच तर नाही. लिथियम बॅटरीची घडीची स्कूटर २२-२५ किलोच्या आसपास भेटते, एक माणूस उचलू शकते. सुटे भाग करायची जी लेड-अ‍ॅसिडवाली येते ती सगळी मिळून ४०-५० किलो, पण पाच तुकडे होतात अन् बॅटरीचा डबा वेगळा निघते, तीही चालते, फक्त रोज खोलजोड करायची तयारी पाहिजे. एकाच सहलीसाठी विकत घ्यायला जीवावर येत असेल तर नागपूरला धंतोली-रामदासपेठेत मेडिकल सामानवाल्यांकडं भाड्याचं विचारून पाहा. अन् आधीच घरात असलेली मोठी भारी स्कूटर असेल तर ती घरीच ठेवा, घडीची व्हीलचेअर न्या, कटकट कमी.

दारातून आत न्यायची पद्धत सांगतो, कारण खरी गंमत तिथंच आहे. गल्ली अरुंद, अन् स्कूटर ३७-४० इंच लांब, ती गल्लीतून काटकोनात वळून सरळ दारात शिरत नाही, कितीही पुढंमागं करा, रंग मात्र जाते. मग माणसानं दाराबाहेरच उतरायचं, चौकट धरून आत जाऊन पलंगावर बसायचं, अन् सोबतच्यानं सीट काढून किंवा घडी करून स्कूटर उभी आत ओढायची. ओढायच्या आधी मागच्या बाजूला एक लिव्हर राहते न्यूट्रलचं, ते टाकल्याशिवाय चाकं फिरत नाहीत. या गाड्यांचा ब्रेक उलटा काम करते, करंट बंद असला की ब्रेक लागलेला राहते अन् करंट दिला की सुटते, पण लिव्हर न्यूट्रलला असलं की ब्रेकच नाही. म्हणून आत ठेवली की लिव्हर आठवणीनं परत जागेवर, नाहीतर जहाज रात्री हललं की गाडी केबिनभर फिरते. दुकानात असल्या मोटरा खोलून पाहिल्या असल्यामुळे मी हे मायलाही पाठ करून घेतलं होतं, झोपायच्या आधी ती स्वतः विचारे, लिव्हर परत जागेवर टाकलं का रे.

गल्लीत ठेवता येत नाही, हे पक्कं समजून घ्या. बाहेर भिंतीला लावून ठेवू, कोणाला काय त्रास, असं आपल्याला वाटते, पण आग लागली, धूर झाला तर त्याच गल्लीतून शेकडो माणसं बाहेर निघायची राहतात, म्हणून बहुतेक कंपन्या स्कूटर केबिनमध्येच ठेवायला अन् तिथंच चार्ज करायला लावतात. आत जागा कशी करायची? केबिन साफ करणाऱ्या मुलाला पहिल्याच दिवशी गोडीत सांगा की टेबल-खुर्ची बाहेर काढून दे, काढून देतात. पलंग जोडलेले असतील तर वेगळे करून भिंतीला लावून मागा, मधात पट्टा निघते. बॅगा पलंगाखाली सरकवा, त्यासाठी कडक सुटकेस नेऊ नका, कापडी न्या. आमची स्कूटर घडी करून कपाटासमोर उभी राहत होती, म्हणजे कपडे काढायचे तर आधी तिला सरकवा. रात्री बाथरूमला जायची वाट मात्र मोकळी ठेवा, त्यात काही तडजोड नको.

चार्जिंगबद्दल जरा खोलात जातो, माझा विषय आहे म्हणून. आपण सवयीनं एक्स्टेंशन बोर्ड टाकतो बॅगेत. सर्ज प्रोटेक्टरवाला, म्हणजे अचानक वाढलेल्या व्होल्टेजपासून वाचवणारा पार्ट बसवलेला बोर्ड जहाजावर चालत नाही, स्कॅनिंगमध्ये दिसला की काढून ठेवतात. लोक चिडतात, पण कारण खरं आहे. गावात आपल्या लाइनला न्यूट्रल जमिनीला बांधलेला राहते, फेजमध्ये करंट अन् न्यूट्रल थंडा. जहाजावर बहुतेक तसं नसते, सप्लाय जहाजाच्या लोखंडापासून वेगळा ठेवतात, दोन्ही वायरी गरम, म्हणजे दोन्हींत करंट. त्यामुळं फेज अन् अर्थिंगच्या मधात बसवलेला जो सर्जचा पार्ट राहते तो तिथं तापून पेटू शकते. २०१३ मध्ये अमेरिकेच्या तटरक्षक दलानं याच गोष्टीचा इशारा काढला होता. तर बोर्ड नेऊ नका, वायर कमी पडली तर रिसेप्शनवर मागा. केबिनमध्ये सॉकेट मोजकेच अन् बऱ्याच जहाजांवर परदेशी पद्धतीचे, आपली जाड तीन पिनांची पिन बसत नाही, साधा अ‍ॅडॉप्टर न्या. चार्जरच्या मागं १००-२४० व्होल्ट लिहिलेलं आहे का पाहून घ्या, कारण काही सॉकेट ११० चे राहतात, अन् फक्त २३० वाला चार्जर तिथं लावला तर सकाळी गाडी रिकामी. लेड-अ‍ॅसिडला पूर्ण चार्जिंगला रात्र लागते, झोपताना लावायची.

बॅटरी टिनाच्या शेडमध्ये ठेवू नका हो उन्हाळ्यात. आपल्याकडं ४५ च्या वर जाते तापमान, त्यात ठेवलेली बॅटरी घरी दोन किलोमीटर चालते अन् जहाजाच्या जाड गालिच्यावर अर्ध्यात दम टाकते. गालिचा खूप करंट खाते. जायच्या आधी गावातल्या कच्च्या रस्त्यावर वडिलांना पूर्ण चार्जवर फिरवून पाहा, तिथं टिकली तर जहाजावर टिकते.

बुकिंगसोबतच लेखी कळवा की स्कूटर आणतो आहोत, लांबी-रुंदी-वजन, बॅटरी कोणती, अन् माणूस किती पावलं चालते. त्याची प्रिंट सोबत ठेवा. जहाज सुटायच्या आधी सगळ्यांना जमवून सुरक्षेची माहिती देतात. २०१२ मध्ये इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया बुडालं, तेव्हा नवीन चढलेल्या बऱ्याच प्रवाशांची ड्रिलच झालेली नव्हती. २०१५ पासून नियमच झाला की निघायच्या आधी किंवा निघताबरोबर ती झालीच पाहिजे. तिथं आवर्जून सांगा की आमचा माणूस जिना उतरू शकत नाही. संकटात लिफ्ट वापरत नाहीत, स्कूटर तर नाहीच नाही, वडिलांना खुर्चीवर बसवून क्रूची माणसं उचलून नेतील, म्हणून केबिन नंबर त्यांच्या यादीत चढला पाहिजे.

मुंबईपर्यंत जायचं तर अमरावतीहून जी सीएसएमटीची गाडी सुटते ती पकडा. अमरावती स्टेशनवरूनच ती सुटते, त्यामुळं आधी लागलेली राहते, चढायला घाई नाही, अन् सीएसएमटी शेवटचं स्टेशन, तिथं जिना-पूल न चढता सरळ बाहेर निघता येते. दादरला उतरायच्या भानगडीत पडू नका. जिथून जहाजात चढायचं तो बॅलार्ड पिअरचा भाग तिथून जवळच आहे, टॅक्सी मोठी बोलवा. ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, पण सोबतीशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या अस्थिव्यंग व्यक्तीला स्लीपर अन् थर्ड एसीत ७५ टक्के सवलत आहे, सोबतच्यालाही, फक्त त्याचं रेल्वेचं कार्ड आधी काढावं लागते. येताना विमानानं नागपूर करायचं मनात असेल तर काढता येणाऱ्या लिथियम बॅटरीची हद्द ३०० वॉट-तास आहे. हिशोब सोपा, व्होल्ट गुणिले अँपिअर-तास, २४ व्होल्ट १२ अँपिअर-तासांची असेल तर २८८, बसते. तरी विमान कंपनीला आधी सांगावं लागतेच.

चढायचा जो उतरता पूल राहते जहाजाला लावलेला, त्याचा चढ दिवसभर सारखा राहत नाही. मुंबईच्या समुद्रात मोठ्या भरतीला पाणी चार मीटरच्या वर चढउतार करते, त्याप्रमाणं जहाज वरखाली. चढ जास्त दिसला तर उतरा, जहाजावरच्या मुलांना स्कूटर ढकलू द्या, वडिलांना जहाजवाल्यांच्याच व्हीलचेअरवर जाऊ द्या. स्वतः चालवत गेलेच तर स्पीडचं बटण कासवाच्या चित्रावर, अंग पुढं झुकवून, मधात थांबायचं नाही, वळायचं तर नाहीच, तीन चाकांची गाडी तिरप्या उतारावर वळताना पलटते.

गोव्याला जहाज धक्क्याला लागते म्हणून तिथं खाली उतरता येते. पण कोणी लक्षद्वीपचं पॅकेज गळ्यात मारत असेल तर नीट ऐका, तिथं जहाज बाहेर खोल पाण्यात उभं राहते अन् लहान बोटीत उतरून बेटावर जावं लागते. लाटेवर ती बोट वरखाली होऊन राहिली अन् गुडघे गेलेला माणूस त्यात पाय टाकून राहिला, हे मला पाहवणार नाही. वडिलांना जहाजावरच थांबायचं असेल तर गोष्ट वेगळी.

अन् स्कूटर न्यायचीच का, तर व्हीलचेअरवर माय पूर्ण वेळ माझ्या हातात होती, मी नेईन तिथं जाई. स्कूटरवर ती सकाळी मला न उठवता डेकवर गेली, दोन वेळा चहा पिऊन कोण्या गुजराती बाईसोबत गप्पा ठोकून वापस आली, अन् म्हणे, "बंगईवर बसल्यावानी वाटून राहिलं रे." बंगई म्हणजे आपला झोपाळा. लिफ्टला जेवणाच्या वेळी फार गर्दी, शो सुटल्यावर तर विचारूच नका, म्हणून अर्धा तास मागंपुढं जा. लिफ्टमध्ये सरळ शिरायचं अन् उलटं निघायचं, निघताना मागं कोणी आहे का ते ओरडून विचारायला वडिलांना सांगा, आरशाच्या भरवशावर नको.

एक राहिलंच. मोठ्या बॅगा टर्मिनलवरच घेतात अन् केबिनमध्ये पार संध्याकाळी आणून देतात, तर चार्जर, स्कूटरची चाबी, अ‍ॅडॉप्टर अन् वडिलांच्या गोळ्या हातातल्या पिशवीतच ठेवा. अन् दुसरी चाबी तुमच्या खिशात.