उतरवलेला प्रोग्रॅम टर्मिनलमधून चालवताना

फाइल इंटरनेटवरून नुसती उतरवली की लिनक्स तिला चालवण्याची परवानगी देत नाही. ‘परमिशन डिनाइड’ येतं ते बहुधा त्यामुळेच. सीडी (cd) कमांडने त्या फोल्डरमध्ये जा, ‘सीएचमॉड +एक्स’ (chmod +x) आणि पुढे फाइलचं नाव द्या, म्हणजे ती परवानगी मिळते. हे एकदाच करायचं.

आता नुसतं नाव टाइप केलंत तर ‘कमांड नॉट फाउंड’ येईल. शेल, म्हणजे टर्मिनलमध्ये तुमच्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम, कमांड शोधतो ती पाथमधल्या (PATH, ठरलेल्या फोल्डरांची यादी) फोल्डरांत, आणि तुम्ही उभे आहात तो फोल्डर सहसा त्यात नसतो. म्हणून नावाआधी ./ लावा, मध्ये जागा न सोडता. लहान-मोठी अक्षरंही जशीच्या तशी हवीत.

‘एक्झेक फॉरमॅट एरर’ आली तर बहुतेक वेळा फाइल दुसऱ्या प्रोसेसरसाठीची असते. ‘यूनेम -एम’ (uname -m) चालवून आपला प्रोसेसर कोणता ते बघा आणि त्याचीच फाइल घ्या. सगळ्यात गोंधळात टाकणारी चूक म्हणजे फाइल समोर दिसत असूनही ‘नो सच फाइल’ येणं: तिथे फाइल नव्हे, तिला लागणारा लोडर किंवा इंटरप्रिटर (ती फाइल सुरू करून देणारा दुसरा प्रोग्रॅम) सापडलेला नसतो.

आणि कृपा करून, अडलं की लगेच सुडो (sudo, म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने चालवणं) लावू नका. अनोळखी प्रोग्रॅमच्या हाती अख्खी सिस्टीम जाते.